क्रिप्टिक क्लूची फोड करायला चॅटबॉट: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्लू सोडवायला चॅटबॉट घेऊ नका, सुटलेल्या क्लूची फोड, म्हणजे त्यातला कोणता शब्द काय काम करतो, ते तपासायला घ्या. इंग्रजी आणि मराठी, दोन्हीकडच्या गूढ (क्रिप्टिक) शब्दकोड्यांवर काही महिने वापरल्यावर माझे मत एवढेच आहे.

मूळ नियम थोडक्यात. क्लूच्या एका टोकाला उत्तराची सरळ व्याख्या असते आणि उरलेल्या भागात तेच उत्तर शब्दखेळातून मिळते. व्याख्या सुरुवातीला किंवा शेवटी असते, मधोमध नसते. शब्दखेळात दोन गोष्टी लागतात: अक्षरांचा माल आणि त्या मालाचे काय करायचे ते सांगणारी खूण. ‘कलम मोडून उमलले फूल (३)’ यात ‘कलम’ हा माल, ‘मोडून’ ही खूण, ‘फूल’ ही व्याख्या आणि ‘उमलले’ ही नुसती जोड. कंसातला आकडा ही उत्तराची अक्षरसंख्या. उत्तर कमल.

आधी जमेची बाजू. इंग्रजी कोड्यांत ठरून गेलेले जे संकेत असतात, ते चॅटबॉटला तोंडपाठ आहेत. डॉक्टर आला की डीआर किंवा एमओ, लव्ह म्हणजे टेनिसमधले शून्य म्हणून ओ, सेलर म्हणजे एबी किंवा टार, ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल नव्हे तर ‘फ्लो’ होणारी नदी. नवशिक्याला पहिले काही आठवडे हेच अडते आणि इथे उत्तर पटकन आणि बहुधा बरोबर मिळते. दुहेरी व्याख्याही त्याला जमतात. ‘हात सरकारला द्यावा लागतो (२)’ याचे ‘कर’ सहज येते, कारण तिथे अक्षरांना हात लावावा लागत नाही, फक्त अर्थ जुळवायचे असतात.

घोळ होतो तो अक्षरांशी खेळायची वेळ आल्यावर. चॅटबॉटमागची मॉडेल मजकूर अक्षराअक्षराने वाचत नाहीत, तुकड्यांनी वाचतात. एक तुकडा अख्खा शब्द असू शकतो किंवा शब्दाचा अर्धा भाग. त्यामुळे शब्दाचा अर्थ पक्का असतो, पण त्यात चौथे अक्षर कोणते हे अंदाजानेच सांगितले जाते. ‘मून स्टेअरर’चे ‘ॲस्ट्रॉनॉमर’ होते हे जुने, सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण. ते बॉटला पाठ असते. त्याच लांबीचा नवा ॲनाग्राम, म्हणजे अक्षरे फिरवून शब्द बनवायचा क्लू, दिला की दोनदा येणारे अक्षर एकदाच मोजले जाते. मून स्टेअररमध्ये दोन ओ आणि दोन आर आहेत. नेमक्या अशाच ठिकाणी गळती होते. उपाय एकच: माल आणि उत्तर या दोन्हींची अक्षरे वर्णानुक्रमाने सुटी लिहून घ्यायची आणि एकाखाली एक ताडून पाहायची. दहा अक्षरांना अर्धे मिनिट लागते.

दुसरा दोष जास्त त्रासदायक, कारण तो चटकन दिसत नाही. फोड जमली नाही की बॉट क्लूमधल्या एखाद्या शब्दाऐवजी मनानेच समानार्थी शब्द घेतो आणि त्याची अक्षरे उलटीपालटी करतो. नेटक्या क्लूमध्ये ॲनाग्रामचा माल समोर छापलेलाच असतो, आडून आणलेला चालत नाही. तेव्हा ‘इथे अमुक म्हणजे तमुक, आणि तमुकची अक्षरे फिरवली’ असे वाक्य दिसले की ती फोड सरळ बाद करावी. काहीच जमले नाही तर ‘हा ॲन्ड-लिट आहे’ अशी पळवाटही निघते. संपूर्ण क्लू एकाच वेळी व्याख्या आणि शब्दखेळ असा खरा ॲन्ड-लिट क्वचितच भेटतो.

आणि आपला अंदाज आधी सांगू नये. ‘बारमध्ये जा – खरेदीची जागा (३)’ हा क्लू ‘उत्तर दुकान ना?’ असे विचारत दिला की होकार येतो आणि वर ‘दु’ म्हणजे दोन, बारमध्ये दोघे गेले, या धाटणीचे स्पष्टीकरणही मिळते. ‘कान’ कुठून आला, हा प्रश्न वाऱ्यावर. खरे उत्तर ‘बार’च्या पोटात ‘जा’, म्हणजे बाजार. चाचणी म्हणून तेवढ्याच अक्षरांचे चुकीचे उत्तर मुद्दाम देऊन पाहावे. त्याचीही बाजू घेतली गेली तर त्या बॉटच्या ‘हो’ला काही किंमत नाही.

शेवटी जी पद्धत टिकली ती अशी. प्रत्येक क्लूसाठी नवा संवाद उघडायचा, नाहीतर आधीच्या क्लूचे शब्द पुढच्यात घुसतात. क्लू, अक्षरसंख्या आणि आडव्याउभ्या शब्दांतून मिळालेली अक्षरे त्यांच्या स्थानासह द्यायची. उत्तर लगेच मागायचे नाही. आधी व्याख्या पुढून असेल तर कोणती आणि मागून असेल तर कोणती, असे दोन्ही पर्याय लिहून घ्यायचे. मग ही सूचना: ‘प्रत्येक शब्दाला व्याख्या, खूण, माल किंवा जोड यांपैकी एकच काम दे. एकही शब्द बिनकामाचा राहिला तर फोड जमली नाही असे सांग.’ या शेवटच्या वाक्याने सर्वाधिक फरक पडला. पळ काढायला अधिकृत दार मिळाले की थापा बऱ्याच कमी होतात. थांबत मात्र नाहीत.

मराठी क्लूंसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. कोड्यात चौकोन अक्षराला असतो, संगणकाचा हिशेब मात्र युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठी ठरवलेल्या संकेतप्रणालीच्या, चिन्हांनी चालतो. ‘पाणी’ दोन अक्षरी, पण चिन्हे चार: प, काना, ण, वेलांटी. ‘स्वप्न’ची चिन्हे सहा: स, हलंत (पाय मोडणारे चिन्ह), व, प, हलंत, न. बॉटला कोड चालवून मोजायला सांगितले तरी साधी लांबी घेतली तर सहाच येतात; अक्षरगट मोजणारी जुनी साधने चार म्हणतात, कारण ती जोडाक्षर हलंतापाशी तोडतात. देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 आवृत्तीत, 2023 मध्ये आला. तो पाळणारे साधन असेल तरच दोन हे बरोबर उत्तर मिळते.

उलट्या क्लूमध्ये याची गंमत होते. ‘मरा उलटे म्हणताच अयोध्येचा राजा (२)’ हे शाळकरी पोरही सोडवेल. चिन्हे उलटवली तर मात्र सुरुवातीला सुटा काना आणि पुढे ‘रम’ असा तुटका प्रकार हाती येतो. बॉट तरीही ‘राम’ म्हणतो, कारण ती कथा त्याला माहीत असते. अनोळखी शब्द दिला की पितळ उघडे पडते. म्हणून मालातली अक्षरे आपणच ‘म-रा’ अशी तोडून द्यावीत. ‘मन गरगरते, आत दिसते शहर (३)’ हा लपलेला क्लू सरळ दिला तर ‘मुंबई’ येते: व्याख्या जुळते, अक्षरे तीन, पण ‘आत’ म्हणजे कशाच्या आत याचा पत्ता नाही. ‘म-न-ग-र-ग-र-ते’ असे तोडून दिले की दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचे नगर दिसते. (इतके तोडून दिल्यावर आपल्यालाही दिसतेच, हा भाग वेगळा.)

दिशेच्या शब्दांवरही लक्ष ठेवा. ‘चित्तामागे टोळी – घड्याळाची जागा (४)’ यात मन आधी, गट नंतर, म्हणून मनगट. ‘मागे’, ‘पुढे’, ‘वर’ यांत बॉट क्रम बदलतो आणि बेधडक ‘गटमन’ही लिहितो.

उच्चाराच्या क्लूंत त्याच्यावर अजिबात विसंबू नये. ‘कानावर पडतो दिवस, निघतो गरीब (२)’ याचे उत्तर ‘दीन’, कारण व्याख्या ‘गरीब’ आहे आणि ‘दिन’ फक्त ऐकायचा आहे. बॉट कधी एक लिहितो, कधी दुसरे, आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. पहिल्या चौकोनातून जाणारा उभा शब्द आधी सोडवा. वेलांटी पहिली की दुसरी ते तिथे कळते.