नाकाच्या शस्त्रक्रियेआधीचा सल्ला: पुण्यातील दोन दवाखान्यांचा अनुभव

शाळेत असताना झोपाळ्यावरून पडले, तेव्हापासून माझ्या नाकाचे हाड डावीकडे झुकलेले आहे आणि मध्यावर एक उंचवटा आहे. वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते सरळ करून घ्यावे असे मनाने घेतले आणि गेल्या तीन महिन्यांत पुण्यातील दोन दवाखान्यांत सल्ल्यासाठी जाऊन आले. शस्त्रक्रिया अद्याप झालेली नाही, त्यामुळे हे परीक्षण केवळ तिच्याआधी मिळणाऱ्या सल्ल्याचे आहे. दोन्ही ठिकाणांची नावे मुद्दाम देत नाही. कोणत्याही शहरात असे दोन दवाखाने सापडतील.

पहिल्या ठिकाणी तपासणी मोफत होती. वातानुकूलित स्वागतकक्ष, लिंबाचे सरबत, भिंतीवर आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांच्या जोड्या असा सगळा थाट होता. डॉक्टरांच्या आधी एका काउन्सेलर बाईंनी मला बसवून घेतले, भ्रमणध्वनीवर माझे बाजूने छायाचित्र काढले आणि बोटाने उंचवटा पुसून टाकत नवे नाक मिनिटभरात दाखवले. चित्र देखणे होते, हे मान्य करायला हवे. मात्र माझ्या नाकावरची कातडी किती जाड आहे, दोन नाकपुड्यांमधला आतला पडदा किती वाकलेला आहे, श्वास कसा चालतो, यांपैकी कशाचीही विचारणा झाली नव्हती. डॉक्टर आले, चार मिनिटे बसले आणि माझ्या नाकाला हातही न लावता ‘होऊन जाईल’ असे सांगून गेले. त्यानंतर सव्वा लाखाच्या पॅकेजचा छापील कागद पुढे आला. त्याच दिवशी आगाऊ रक्कम भरल्यास पंधरा हजारांची सूट होती. साडीच्या दुकानात असे चालते, पण भूल देऊन हाड कापण्याच्या बाबतीत ‘आजच्या आज ठरवा’ असे कोणी म्हटले की मला उठून जावेसे वाटते. भूल कोण देणार, असे मी विचारले तेव्हा ‘बाहेरून येतात’ एवढेच उत्तर मिळाले. भूलतज्ज्ञ बाहेरून येणे आपल्याकडे सर्रास चालते आणि त्यात गैर काही नाही. गैर हे की त्यांचे नाव, किंवा काही बिघडल्यास रुग्णाला कोणत्या अतिदक्षता विभागात हलवायचे, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही.

मी घुटमळते आहे हे पाहून बाईंनी फिलरचा पर्याय सुचवला: दहा मिनिटांत सुई टोचायची, कापाकापी नाही, खर्च निम्म्याहून कमी. फिलरने नाकात भर घालता येते, काही कमी करता येत नाही. उंचवट्याच्या वरखाली भरून तो लपवता येतो खरा, पण द्रव्य हळूहळू विरघळते आणि पुन्हा टोचावे लागते. शिवाय नाकाच्या परिसरातील रक्तवाहिन्यांचा डोळ्यांकडे जाणाऱ्या वाहिन्यांशी संबंध असल्याने द्रव्य चुकून वाहिनीत शिरले तर कातडी मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाऊ शकते. हे दुर्मीळ आहे, तरीही टोचून घेणाऱ्याला ते आधी कळायला हवे. मला ते त्या बाईंकडून कळले नाही, नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले.

घरी आल्यावर पहिल्या दवाखान्यातील डॉक्टरांच्या नावापुढील पदव्या नीट वाचल्या. त्यांत ‘एस्थेटिक’ हा शब्द दोनदा होता, परंतु प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी नव्हती आणि कान-नाक-घशाची एमएसही नव्हती. नाकाची ही शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जन करतात, तसेच तिचे प्रशिक्षण घेतलेले कान-नाक-घसातज्ज्ञही करतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपण यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत कार्यशाळेत किंवा यूट्यूबसारख्या माध्यमावर पाहून शिकणे हे पुरेसे प्रशिक्षण ठरत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आयोगाला असे लिहून सांगावे लागले यावरूनच बाजाराची कल्पना यावी. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासता येते. मी ती पहिल्या भेटीनंतर तपासली. आधी तपासायला हवी होती.

दुसरा दवाखाना जुन्या इमारतीत, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आहे. तपासणीचे हजार रुपये आधी घेतात आणि नंतर दीड तास बसवतात. बाकांवर भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला आलेले एक आजोबा होते आणि दुभंगलेल्या ओठाचे तान्हे बाळ घेऊन आलेली एक बाई होती. समोरच्या भिंतीवर कावसजीचे चित्र टांगलेले होते. इंग्रजांच्या फौजेतील हा बैलगाडीवान टिपूच्या हाती सापडला, त्याचे नाक कापले गेले आणि पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये ही हकिकत चित्रासह छापली आणि त्यानंतर युरोपातील शल्यचिकित्सक ही रीत शिकले. त्या कारागिराने आधी मेणाचा पातळ साचा नाकाच्या जागी बसवून पाहिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ आखली. कापण्याआधी मोजण्याची ही पद्धत मला पहिल्या दवाखान्यातील भ्रमणध्वनीपेक्षा अधिक विश्वासाची वाटली.

आत गेल्यावर डॉक्टरांनी प्रथम हातात आरसा दिला आणि ‘नेमके काय खटकते ते बोट ठेवून दाखवा’ असे सांगितले. मी उंचवट्यावर बोट ठेवले. हे कधीपासून खटकते, कोणी काही म्हणाले का, दिवसातून किती वेळा आरसा पाहता, नाक बदलल्यावर आयुष्यात आणखी काय बदलेल असे वाटते, असे बरेच प्रश्न आले. थोडा राग आला, पण कारण नंतर समजले: ज्यांना दिसेल न दिसेल अशा व्यंगाचा ध्यास लागलेला असतो, त्यांचे समाधान शस्त्रक्रियेने सहसा होत नाही आणि त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे लागते. मग त्यांनी एक थंड, चकचकीत धातूची पट्टी नाकाखाली धरून श्वास सोडायला सांगितले. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले: उजवीकडचा सुपारीएवढा, डावीकडचा जेमतेम वाटाण्याएवढा. वीस वर्षे मी सर्दीच्या नावाने जे खपवत होते ते दोन सेकंदांत समोर आले. आतला पडदा वाकलेला होता, त्यामुळे केवळ वरचे हाड घासून नाक अरुंद केले असते तर रूप सुधारून श्वास आणखी बिघडण्याची शक्यता होती.

परिणामाविषयी त्यांनी उत्साह कमीच दाखवला. आठवडाभर नाकावर पट्टी, दोन आठवडे डोळ्यांखाली काळेनिळे, आणि शेंड्याची सूज पूर्ण उतरून अंतिम आकार दिसायला वर्ष, असा हिशेब त्यांनी मांडला. माझी कातडी जाडसर असल्याने शेंड्यावरचे बारीक काम फारसे उठून दिसणार नाही, हेही सांगितले. काहींना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिच्यासाठी किमान वर्षभर थांबावे लागते. तो खर्च कोणाचा, हे मी विचारले तेव्हा त्यांनी कागदावर लिहून दिले की शल्यचिकित्सकाचे शुल्क नाही, रुग्णालयाचे आणि भुलीचे रुग्णाने द्यायचे. मागायला गेल्याशिवाय हे कोणी सांगत नाही, म्हणून मागावे.

पैशांबाबत एक बाब मला ठाऊक नव्हती. आरोग्य विमा निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही, आणि वैद्यकीय सेवांना जीएसटीत जी सूट आहे तीही अशा शस्त्रक्रियेला नाही. जन्मजात व्यंग किंवा इजेमुळे बिघडलेला अवयव पूर्ववत करायचा असेल तर मात्र सूट मिळते. माझ्या बाबतीत पडद्याचे काम आणि हाडाचे काम यांची नोंद वेगवेगळी करून विमा कंपनीची लेखी पूर्वपरवानगी घ्या, असा सल्ला त्यांनी दिला. पहिल्या दवाखान्याच्या पॅकेजमध्ये सगळे एकाच ओळीत होते.

संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मिळाले, याचे मला विशेष वाटले. पहिल्या ठिकाणच्या नमुन्यात ‘आवश्यक वाटेल ती अन्य प्रक्रिया’ असे मोघम वाक्य होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे की एका उपचारासाठी दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही, जीव वाचवण्याची निकड असेल तरच अपवाद. दुसऱ्या ठिकाणच्या पत्रात काय करणार, कानाची कूर्चा लागली तर कोणत्या कानाची घेणार, इथपर्यंत मराठीत लिहिलेले होते.

तक्रारी आहेतच. दीड तास हा फार झाला, जिना वयस्करांना जड आहे आणि दूरध्वनी तिसऱ्या खेपेला उचलला जातो. पहिल्या ठिकाणाला पाचपैकी एक तारा देते, तोही सरबतासाठी, दुसऱ्याला चार. मार्गशीर्षात चुलत बहिणीचे लग्न आहे आणि मला ती शस्त्रक्रिया त्याआधी उरकायची होती, परंतु दुसऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ नकार दिला: सुजलेल्या नाकावर नथ बसणार नाही, आणि पुढचे काही आठवडे चष्म्याचाही भार चालणार नाही. तारीख माघात घेतली आहे. तोवर कॉन्टॅक्ट लेन्स लावण्याचा सराव चालू आहे आणि डाव्या डोळ्याची लेन्स अजूनही तिसऱ्या प्रयत्नाशिवाय बसत नाही.