घरच्या सागाचा सांगाडा: ओला जोडावा की वाळवून?
कोकणात स्वतःच्या जागेतील साग वनखात्याच्या परवानगीने तोडून कापून आणला, की खांब-तुळयांचा सांगाडा लगेच जोडावा की लाकूड वाळू द्यावे, हे ठरवावे लागते. ओले लाकूड पटाशीला मऊ लागते, आणि सांध्यातील दोन्ही लाकडांची भोके एकमेकांपासून किंचित सरकवून पाडून लाकडी खुंटी ठोकली, तर लाकूड आटतानाही सांधा आवळलेला राहतो. मात्र जाड तुळईला भेगा पडतात. वाळवायचे तर इंचभर जाडीला साधारण १ वर्ष लागते, म्हणून ६ इंची खांबासाठी थांबू नये, असे माझे ठाम मत आहे. दारे-खिडक्यांच्या फळ्या मात्र झाकून, मध्ये पट्ट्या घालून पूर्ण वाळवाव्यात, कारण लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा, जवळपास दुप्पट आटते आणि फळी वाकते.