तीन पायांचे बिडाचे भांडे : ओरेगॉन ट्रेलवरचा स्वयंपाक आणि काही महिन्यांचा वापर

ओरेगॉनमध्ये राहायला आल्यावर मागच्या अंगणात निखाऱ्यांवर स्वयंपाक करता यावा म्हणून मी ‘डच ओव्हन’ या नावाने मिळणारे बिडाचे भांडे घेतले. बारा इंच व्यास, खाली तीन पाय, उचलण्यासाठी तारेची कडी आणि कडेने उभी किनार असलेले झाकण अशी त्याची घडण असून झाकणासह वजन नऊ किलोच्या आसपास भरते. १८४० ते १८६० या काळात मिसुरी नदीच्या काठावरून ‘ओरेगॉन ट्रेल’ या वाटेने सुमारे ३,५०० किलोमीटर चालत पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांच्या गाड्यांत हेच भांडे असे, आणि त्याची घडण तेव्हापासून फारशी बदललेली नाही. गेल्या वसंतापासून ते नियमित वापरत असल्यामुळे भांड्याबद्दल आणि त्या कुटुंबांबद्दल जे लक्षात आले, ते येथे मांडतो.

किनारीचे झाकण हा या भांड्याचा जीव आहे. खाली थोडे निखारे आणि त्याच्या दुप्पट झाकणावर ठेवले की आतली उष्णता चहूबाजूंनी लागते. कोकणात तवसाळी करताना झाकणावर निखारे ठेवतात, तीच ही रीत. कोळशाच्या तयार वड्या वापरल्या तर खाली आठ आणि वर सोळा पुरतात, आणि उष्णता साधारण १७५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. पाव भाजताना दर दहा मिनिटांनी भांडे एका दिशेला आणि झाकण उलट दिशेला थोडे फिरवावे लागते, अन्यथा एक बाजू करपते आणि दुसरी पांढरी राहते. नीट जमले तर पावाला खालून वरपर्यंत सारखा खमंग रंग येतो आणि कवच बोटाने वाजवले तर पोकळ आवाज देते. मटणाचा रस्सा, वालाची उसळ, मुगाची खिचडी हे सर्व उत्तम होते, कारण बीड एकदा तापले की लवकर निवत नाही.

वारा मात्र याचा वैरी आहे. वाऱ्यात निखारे पाहता पाहता राख होतात आणि उष्णता एका अंगाला ओढली जाते. अंगणाच्या कुंपणाआड ही अडचण निभावते, पण ट्रेलवरच्या प्लॅट नदीच्या काठच्या उघड्या माळावर आडोसा कुठला? तेथे झाडे विरळ असल्याने बायका आणि मुले चालता चालता बायसनच्या रानशेण्या गोळा करीत; त्या कोरड्या असताना चांगल्या जळत आणि पावसात भिजल्या की निरुपयोगी होत. प्रौढ माणसामागे सुमारे ९० किलो पीठ आणि ७० किलो खारवलेले डुकराचे मांस घ्यावे, असा सल्ला तेव्हा दिला जाई. ते पीठ रोज मळून रोज भाजायचे काम बहुतेक घरांत बाईकडेच असे.

याच वाटेने गेलेल्या अमेलिया स्ट्युअर्ट नाइट यांनी १८५३ मध्ये लिहिलेली दैनंदिनी मी याच काळात वाचली. एप्रिलमध्ये आयोवाहून पती आणि सात मुलांसह त्या निघाल्या. थंडी, पाऊस, चिखल आणि विस्तव नाही, अशा नोंदी सुरुवातीपासूनच येतात. ऑगस्टमध्ये त्यांची एक मुलगी नदीकाठी मागेच राहिली आणि मागून येणाऱ्या तांड्याने तिला आणून सोडले. सप्टेंबरमध्ये प्रवासाच्या अखेरीस आठवे मूल जन्मले. तोपर्यंत गरोदरपणाचा एकही उघड उल्लेख त्यांनी केलेला नाही. तापलेले नऊ किलोंचे भांडे वाकून उचलताना कंबरेवर येणारा ताण मला ठाऊक झाल्यामुळे त्यांच्या त्या त्रोटक नोंदी मी अतिशय आदराने वाचतो. कोलंबिया नदी ओलांडायला त्यांना तीन दिवस लागले, आणि नंतर बैलांच्या दोन जोड्या देऊन बिनखिडक्यांची लाकडी खोपटी व जमीन मिळाली.

ओझे कमी करण्यासाठी ट्रेलवरच्या फोर्ट लॅरामी या ठाण्याच्या आसपास अनेकांनी चुली, पेट्या, पलंग, खारवलेले मांसही टाकून दिले. मला वाटते, हे एक भांडे ठेवले की तवा, कढई आणि भट्टी तिन्हींची सोय होत असल्याने त्याचे वजन परवडत असावे.

ज्या जमिनीसाठी ही पायपीट होती, ती रिकामी नव्हती. ओरेगॉनमधले विलामेट खोरे तेथील मूळ रहिवासी असलेल्या कालापुया लोकांचे होते. जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर ते कॅमास नावाचे कंद भाजत. तेथील रहिवाशांशी करार पूर्ण होण्याआधीच, १८५० च्या कायद्याने वसाहतवाल्या जोडप्यांना ६४० एकरांपर्यंत जमीन देऊ केली. नांगर आणि डुकरे यांनी कॅमासची कुरणे नष्ट केली, आणि १८५६ मध्ये कालापुयांना ग्रँड राँड येथील राखीव क्षेत्रात नेण्यात आले. ट्रेलवरचा स्वयंपाक कौतुकाने शिकवणाऱ्यांनी हेही सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता उणिवा. पायांमुळे हे भांडे काचेच्या किंवा इंडक्शनच्या शेगडीवर बसत नाही, त्यामुळे केवळ घरात रांधणाऱ्यांनी सपाट बुडाचे घ्यावे. चिंच, कोकम किंवा टोमॅटो घातलेले पदार्थ त्यात फार वेळ ठेवले तर तेलाचा मुरलेला थर निघतो आणि अन्नाला लोखंडी चव येते. येथील हिवाळ्याच्या दमट हवेत गंजही लवकर धरतो. धुतल्यावर विस्तवावर कोरडे करून तेलाचा पातळ हात फिरवावा आणि झाकणाखाली कागदाची घडी ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहते. चौघांच्या कुटुंबाला दहा इंची भांडे पुरते, आणि ते उचलायलाही बरेच सोपे जाते.