पणजोबांचा कॅमेरा आणि माझे ३८,८५० रुपये

आधी आकडे सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. टोकन ५,०००. उरलेली रक्कम ३२,०००. कुरिअर आणि 'विमा' १,८५०. एकूण ३८,८५० रुपये. हातात आला तो वेस्ट पॉकेट कोडॅक, खिशात मावणारा जुना घडीचा कॅमेरा. कॅमेरा अस्सल, पण ज्या कहाणीसाठी एवढे पैसे मोजले ती धादांत खोटी. कहाणीशिवाय असाच कॅमेरा मला नंतर एका संग्राहकाने ६,५०० ला देऊ केला.

"अजून दोघं मागे लागलेत, पण तुम्हाला कदर आहे म्हणून" ही टेप तुम्ही ऐकलीच असेल. मीही ऐकली होती. पण इथे विकणारा माणूस पैशांचं कमी आणि स्वतःच्या पणजोबांचं जास्त बोलत होता. पणजोबा म्हणे ११० व्या मराठा पलटणीत सुभेदार, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक), कुत गावाच्या वेढ्यात. खिशात हा कॅमेरा. सोबत तीन फोटो, एकाच्या कडेला इंग्रजीत 'कुत, डिसेंबर १९१५'. पलटण कुतमध्ये होती हे खरं, वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला हेही खरं. मी दोन्ही तपासलं आणि तिथेच निश्चिंत झालो. तुम्ही होऊ नका. खरा इतिहास कुणालाही वाचता येतो, भामट्यालाही.

हा कॅमेरा १९१२ चा. घडी केली की वास्कटाच्या खिशात जातो, भाता (लेन्समागची घड्यांची पेटी) पुढे ओढला की फोटो काढायला तयार, १२७ मापाच्या फिल्म-रोलवर आठ फोटो. स्टुडिओत न जाता घरच्या माणसांनीच घरचे फोटो काढायचे, ही सवय लोकांना लागली ती अशाच कॅमेऱ्यांमुळे. महायुद्धात त्याची जाहिरातच 'सैनिकाचा कोडॅक' म्हणून झाली. १९१५ पासून त्यात ऑटोग्राफिकची सोय आली: पाठीवरची छोटी झडप उघडायची, धातूच्या काडीने आतल्या कागदावर लिहायचं, थोडा वेळ उजेड दाखवायचा, अक्षरं थेट फिल्मवर उमटतात. या युक्तीच्या पेटंटसाठी कोडॅकच्या ईस्टमनने ती शोधणाऱ्या हेन्री गाइसमनला ३ लाख डॉलर मोजले होते. फोटोवरचं 'कुत' असंच आलंय, हे त्या पठ्ठ्यानेच मला समजावून सांगितलं.

आणि व्हिडिओ कॉलवर त्याने कॅमेरा उलटा करून दाखवला. पाठ सपाट. झडप नाही, काडी नाही. म्हणजे आधीचं साधं मॉडेल, ज्यात लिहिण्याची सोयच नव्हती! ती सपाट पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, आजीनं हा देव्हाऱ्यात ठेवला होता." आता सांगा, यावर कोण म्हणेल की पाठ परत दाखव? रोज आठवतं आणि रोज चिडचिड होते. शिवाय ऑटोग्राफिकची अक्षरं फोटोत काळ्या पट्टीवर पांढरी दिसतात; इथे पांढऱ्या कडेवर काळी शाई होती. विलायतेत या कॅमेऱ्याची किंमत होती ३० शिलिंग, म्हणजे तेव्हाचे साडेबावीस रुपये. साध्या शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये. म्हणूनच पणजोबांना सुभेदार केलं असणार. आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत पडल्यावर सगळी फौज कैदेत गेली. त्या हालांतून कॅमेरा तेवढा सुखरूप घरी आला?

पार्सल उघडलं तर भात्याच्या भोकांना काळं नेलपॉलिश. कडेला कोरलेला पलटणीचा नंबर नव्या भांड्यावरच्या नावासारखा चकचकीत. जुन्या वस्तूवरचं कोरीवकाम भिंगातून बघा, खाचेत मळ हवाच. भात्यात अंधारात टॉर्च लावा. व्हिडिओ स्वतः रेकॉर्ड करा.

आता चौकीची कथा. "कॅमेरा मिळाला ना? मग फसवणूक कुठे?" मी म्हटलं, साहेब, खोटं सांगून पैसे घेतले, हे चारशे वीस नाही का? उत्तर: "चारशे वीस गेलं, नव्या कायद्यात आता तीनशे अठरा." बरं, मग तीनशे अठरा लावा! तर म्हणे ही दिवाणी बाब. दुसरे साहेब त्याहून हुशार. "शंभर वर्षांपेक्षा जुना म्हणताय, मग पुरातन वस्तूची नोंदणी केलीत का?" म्हणजे चोर मीच! अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. तो अजून जेवतोय. बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलात ना?" एवढं विचारून त्या बाईंनी पुढचा टोकन नंबर पुकारला. पोच मिळेपर्यंत चौकीतून उठू नका. पैसे गेल्या गेल्या बँकेला लेखी कळवा, पार्सलची वाट बघत बसू नका. मी बसलो होतो, कारण ट्रॅकिंग नंबर खरा होता.

परवा तोच कॅमेरा परत विकायला दिसला, म्हणजे माझ्याच कॅमेऱ्याचे जुने फोटो. विकणाऱ्याचा नंबर नवा, पणजोबा यावेळी फ्रान्सच्या आघाडीवर, किंमत ४५,०००.