आईचा आमवात, मामांचा कर्करोग

जळगावला आमच्याकडे सकाळी आईची बोटं तासभर आखडलेली असतात. कळण्याची भाकरी थापायला बसली की पीठ परातीतच राहतं. आमवात आहे तिला. भुसावळच्या मामांना फुफ्फुसाचा कर्करोग. दोन्ही आजारांत शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या मदतनीस टी-पेशी आहेत, पण उलट्या दिशेने.

या पेशी इतर पेशींना कामाला लावतात. आईच्या शरीरात त्या बी-पेशींना स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला मदत करतात, सांध्याच्या अस्तरात सूज वाढवतात. म्हणून तिला मेथोट्रेक्सेट, चढलेली यंत्रणा उतरवायला. (आठवड्यातून एकदाच! रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.)

मामांना हीच यंत्रणा जागी हवी. मदतनीसांनी बळ दिलं तर मारक टी-पेशी गाठीवर तुटून पडतात. पण गाठीत नियामक टी-पेशी जमतात आणि त्यांना आवरतात. जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलेल्या या पेशी मदतनीसांच्याच घराण्यातल्या. त्या कामाला २०२५ चं नोबेल मिळालं. आईकडे त्यांचा धाक कमी पडतो, मामांकडे नको तिथे जास्त होतो.

मामांचं इंजेक्शन टी-पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक सोडवतं. तो सुटल्यावर काहींचे सांधे सुजतात, काहींना जुलाब लागतात, थायरॉइड बिघडतो. मामांना मी बजावलंय: गुडघा दुखला तर बाम चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.