एनएसी जनुकांच्या अभ्यासाला ज्वारी घ्यावी की गहू?

पीएचडीसाठी एनएसी जनुककुटुंब (इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांचा गट) ठरलंय, पीक ठरत नाही, अशा विद्यार्थ्यासाठी हे लिहितोय. पाण्याचा ताण सोसणं आणि पान पिवळं पडणं या दोन्हींत या कुटुंबाचा मोठा हात असतो. माझं मत आधीच सांगतो: हे काम पहिल्यांदाच करत असाल तर ज्वारी घ्या.

ज्वारीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, सुमारे ७३ कोटी बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आणि द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनच संच असलेला. बीटीएक्स ६२३ या वाणाचा डीएनए क्रम २००९ सालीच प्रसिद्ध झाला. पीएफ०२३६५ हा डोमेन (एनएसी प्रथिनांचा ओळखीचा भाग, पीफॅम या माहितीसंचातल्या क्रमांकाने) घेऊन जीनोममध्ये शोध घेतला की एनएसी जनुकांची यादी साध्या संगणकावरही निघते. गव्हाचा जीनोम जवळपास १६०० कोटींचा, त्यात ए, बी, डी असे तीन उपसंच. एकेका जनुकाच्या सहसा तीन प्रती, त्याही इतक्या सारख्या की नेमक्या एकीलाच चिकटणारा प्रायमर (जनुकाची प्रत वाढवायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) बनवताना महिने जातात. पुनरावृत्तीने वाढलेलं जनुक कोणतं आणि उपसंचातलं भावंड कोणतं, इथेही नवखा माणूस हमखास चुकतो.

जनुकाचं काम सिद्ध करण्यात मात्र गहू पुढे आहे. रानटी एमर या गव्हाच्या जंगली पूर्वजातल्या एनएएम-बी१ या एनएसी जनुकाचा शोध २००६ चा. गव्हात या एनएएम गटाच्या जनुकांची अभिव्यक्ती (त्यांचं चालू असणं) दाबली तेव्हा पानं तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली, पण दाण्यातली प्रथिनं, लोह आणि जस्त ३० टक्क्यांहून अधिक घटलं. क्रोनोस आणि कॅडेन्झा या गव्हाच्या वाणांचे म्युटंटही (जनुकांत बदल घडवलेली रोपं) तयार मिळतात. गहूच हवा असेल तर क्रोनोस घ्या: तो चतुर्गुणित, म्हणजे त्यात ए आणि बी हे दोनच उपसंच, त्यामुळे तीनऐवजी दोनच प्रती बंद कराव्या लागतात. आपली खपलीही चतुर्गुणितच.

ज्वारीत जनुक घालणं किंवा बंद करणं आजही कष्टाचं आहे, आणि तिच्या एनएसी जनुकांची मोजदाद आधीच प्रसिद्ध झालीय. नुसती यादी आणि वंशवृक्ष यांवर प्रबंध उभा राहणार नाही. प्रश्न शेतातून आणा. सोलापूरकडे रब्बीत मालदांडी ज्वारी सरत्या ओलीवर दाणा भरते, ताण आपसूक मिळतो. दाणे भरताना ओल संपली की खडखड्या हा खोड कुजवणारा रोग येतो, ताटं लोळतात. मालदांडीशेजारी पान हिरवं ठेवणारा ज्वारीचा बी ३५ वाण पेरा, फुलोऱ्यापासून दर आठवड्याला दोन्हींच्या वरच्या पानांचे नमुने घ्या आणि त्याच दिवशी जमिनीतली ओलही मोजा.