घरच्या संगणकावर बीटीआरएफएस: दीड वर्षाच्या वापरानंतर

जळगावच्या आमच्या घरातील संगणकावर लिनक्स आहे आणि त्याच्या डिस्कवर अनेक वर्षे ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडायच्या आणि शोधायच्या याची व्यवस्था, होती. दीड वर्षापूर्वी ती बदलून मी बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम घेतली. ती केव्हा घ्यावी याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हा निर्णय मी पाच-सहा वर्षे पुढे ढकलत राहिलो आणि त्यात माझे नुकसान झाले.

ईएक्सटी-४ विषयी माझी तक्रार नाही. २००८ च्या अखेरीस लिनक्सच्या २.६.२८ या आवृत्तीत ती स्थिर म्हणून जाहीर झाली आणि आजही उबंटू हे लिनक्सचे लोकप्रिय रूप संगणकावर टाकताना आपसूक तीच निवडलेली असते. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, भर दुपारी वीज जाते, इन्व्हर्टरही दगा देतो. तरीही जर्नलच्या, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांच्या आधीच केलेल्या नोंदीच्या, आधाराने ती प्रत्येक वेळी नीट सुरू झाली. अडचण वेगळीच निघाली. अमळनेरजवळच्या आमच्या गावी श्रावणात कानबाई बसते, तेव्हा आत्या आणि तिच्या बरोबरीच्या बायका म्हणत असलेली अहिराणी गाणी मी २०१२ पासून मुद्रित करून ठेवली आहेत. आत्या आता नाही. तिच्या आवाजातले एक गाणे लावले, तर मधले अकरा सेकंद नुसती खरखर. बॅकअपची डिस्क काढली, तर तिच्यातही तीच खरखर, कारण दर दिवाळीला जुनी प्रत पुसून मी नवी उतरवत होतो आणि बिघडलेली फाइलच चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसली होती. ईएक्सटी-४ स्वतःच्या अंतर्गत नोंदींचा चेकसम, म्हणजे मजकूर बदलला का हे ओळखण्यासाठी त्यावरून काढलेला आकडा, ठेवू शकते, फाइलमधील मजकुराचा ठेवत नाही; त्यामुळे डिस्कवर काही बिट बदलले आणि डिस्कच्या ते लक्षात आले नाही, तर तो बिघडलेला मजकूर ती मुकाट्याने वाचून देते.

बीटीआरएफएस मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम लिहून ठेवते आणि वाचताना तो पडताळून पाहते. मेळ बसला नाही तर फाइल देण्याऐवजी ती चूक दाखवते. एकच डिस्क असेल तर साधारणपणे तिला एवढेच करता येते. दोन डिस्कवर सारखीच प्रत ठेवली असेल, तर चांगल्या प्रतीवरून ती बिघडलेली प्रत दुरुस्त करते. मी दुसरी डिस्क याचसाठी घेतली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ‘स्क्रब’ चालवतो, म्हणजे साठवलेले सगळे एकदा वाचून तपासून घेतो. यंदा मार्चमध्ये जुन्या डिस्कवर चेकसमच्या तीन चुका निघाल्या; त्याखालच्या ओळीत तिन्ही दुरुस्त झाल्याची आणि दुरुस्त न होणारी एकही नसल्याची नोंद होती. ती ओळ मी दोनदा वाचली.

स्नॅपशॉटचा, म्हणजे एखाद्या क्षणी फाइली जशा होत्या तशा जपून ठेवण्याच्या सोयीचा, उपयोगही मोठा आहे, पण त्यामुळे सुरुवातीला जागेचा हिशेब लागत नाही: मोठी फाइल पुसली तरी जुन्या स्नॅपशॉटमध्ये ती राहते आणि जागा मोकळी होत नाही. डिस्क काठोकाठ भरू देणे या फाइल सिस्टिमला मानवत नाही, म्हणून पंधरा-वीस टक्के जागा मी रिकामीच ठेवतो. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) किंवा डेटाबेसच्या फाइली सतत बदलत असतील, तर त्यांचे तुकडे होऊन वेग मंदावतो. त्यांच्यापुरती ‘कॉपी-ऑन-राइट’, म्हणजे बदल जुन्या मजकुरावर न लिहिता नव्या जागी लिहिण्याची पद्धत, बंद करता येते, मात्र मग त्यांचा चेकसमही राहत नाही.

आता बदलण्याच्या वेळेविषयी. ही फाइल सिस्टिम २००९ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आली, लिनक्सच्याच ओपनसुसे या रूपाने २०१४ मध्ये आणि फेडोरा या दुसऱ्या रूपाच्या डेस्कटॉप आवृत्त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीपासून, ती मूळ निवड म्हणून स्वीकारली. घरगुती वापरासाठी थांबण्याचे कारण माझ्या मते तेव्हाच संपले होते. अपवाद रेड-५ आणि रेड-६ या, अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या, रचनांचा. त्या अजूनही भरवशाच्या मानल्या जात नाहीत आणि घरी त्यांची गरजही नसते. जुनी ईएक्सटी-४ जागच्या जागी रूपांतरित करण्याचे साधन आहे, पण मी त्या वाटेने गेलो नाही. नवी आवृत्ती टाकण्याची वेळ आली, तेव्हा सगळे बाहेरच्या डिस्कवर काढले, डिस्क नव्याने फॉरमॅट केली आणि परत भरले. भुसावळच्या माझ्या भाच्याने विचारले, तेव्हा त्याला मी थांबायला सांगितले, कारण त्याची एकुलती एक डिस्क जवळजवळ भरलेली आहे आणि बॅकअप अजिबात नाही. त्याने आधी बाहेरची डिस्क घ्यावी, फाइल सिस्टिम नंतर बदलता येईल.

आणखी एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. चेकसम काढला जातो तो फाइल लिहिली जाते त्या क्षणी. त्याआधीच बिघडलेली फाइल या व्यवस्थेला बरोबरच वाटते. आत्याच्या गाण्यातील ते अकरा सेकंद आता कशानेही परत येणार नाहीत. म्हणून बाकीची मुद्रणे नव्या डिस्कवर भरण्याआधी मी आणि आई तीन संध्याकाळी बसलो आणि एकेक गाणे शेवटपर्यंत ऐकले.